बेचाळीस कोनाडे

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१४ जानेवारी १९९६

दादा,
जयभीम.

अडीच वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी. फाडायचं असेल तर सोबतच्या झेरॉक्स आधी बाजूला काढ आणि मग खुशाल फाड. झेरॉक्स ऑफिसच्या आहेत.

काम असं आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे करणाऱ्या एका लहान ऑफिसात मी आता नोकरी करते. आमच्याकडे कंबोडियातल्या एका देवळाचं काम आलं आहे. नाव प्रेआ खान. अंगकोरच्या मोठ्या देवळापासून थोडं उत्तरेला, जंगलात. तिकडे अजून जमिनीत सुरुंग आहेत, त्यामुळे आमच्यापैकी कोणी जात नाही. तिथली माणसं मोजमापं आणि फोटो पाठवतात, आणि मी इथे खिडकीबाहेरचा दोन फूट बर्फ बघत बाराव्या शतकातली भिंत काढते.

देऊळ सातव्या जयवर्मन राजाने वडिलांसाठी बांधलं. ११९१ साली मधल्या गाभाऱ्यात लोकेश्वराची मूर्ती बसवली, बोधिसत्त्वाची, पण वडिलांच्या रूपातली. त्याच आवारात उत्तरेला शिव आणि पश्चिमेला विष्णू. बाहेर खंदक. खंदकावरच्या वाटेला दोन्ही बाजूंनी नाग धरून उभे असलेले देव आणि असुर. मग जांभ्याची भिंत आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर हात वर केलेले दगडी गरुड. हो, आपल्या कोकणातला जांभाच. आतल्या इमारती वाळूच्या दगडाच्या, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड घासून बसवलेला. त्यांना खरी कमान येत नव्हती. दोन्ही भिंतींवरून एकेक दगड जरा पुढे सरकवत वर न्यायचा आणि माथ्यावर भेटवायचा, एवढंच. म्हणून दालनं अरुंद आणि लांबच लांब. एका टोकाला उभं राहिलं की दारामागे दार, दारामागे दार दिसत जातं. फोटोत तरी दिसतं.

पन्नास-साठ वर्षांनी दुसरा राजा आला, तो शिवाचा भक्त. बहुधा त्याच्याच काळात भिंतींवरचे बुद्ध छिन्नी लावून काढून टाकले. माझ्या वाट्याला जी भिंत आली आहे तिच्यात बेचाळीस कोनाडे आहेत. वीस पार खरवडलेले. उरलेल्या बावीसमध्ये मांडी घातलेले दाढीवाले ऋषी बसले आहेत. प्रश्न एवढाच की हे ऋषी पहिल्यापासून ऋषीच होते, की बुद्धाला कापून ऋषी केला?

माझ्या बॉस मिसेस डोनाह्यू म्हणाल्या, दगड घडवणाऱ्या माणसाला विचारलं पाहिजे. मला असा एकच माणूस माहीत आहे. जयपूरला दोन वर्षं दगडकाम शिकलेला, नागपुरात स्वतःचा मूर्तीचा कारखाना असलेला आणि माझ्याशी न बोलणारा.

बावीस फोटोंच्या झेरॉक्स आहेत, प्रत्येकावर कोनाड्याचा नंबर आहे. त्या उन्हाळ्याबद्दल मी यात काही लिहीत नाही. तुला ते आवडणार नाही आणि मला ते जमणार नाही.

रवी बरा आहे. निधी नऊ वर्षांची झाली.

तुझी
सुजाता


वेस्ट विंडसर
२ मार्च १९९६

दादा,
जयभीम.

पाकीट मिळालं. आत पत्र शोधलं, नव्हतं. बावीस झेरॉक्स आणि प्रत्येकीवर तुझी पेन्सिल. पाकिटाच्या मागे एक ओळ सापडली, ‘पत्रात जयभीम लिहायला काही लागत नाही.’ ती वाचली. खरी आहे, म्हणून तिच्यावर काही म्हणत नाही.

तुझी टिपणं मी टाइप करून मिसेस डोनाह्यूंना इंग्रजीत दिली. ‘दगडातून काढता येतं, वर चिकटवता येत नाही. दाढी छातीच्या पुढे आलेली असेल तर ती पहिल्यापासूनची. छातीत खड्डा पाडून दाढी बसवली असेल तर आधी तिथे दाढी नव्हती.’ हे त्यांनी दोनदा वाचलं. सोळाव्या कोनाड्यावर तू लिहिलंस, ‘चेहरा बदलला, कान तसेच सोडले. कामचुकार.’ त्याचं भाषांतर करताना मी एकटीच हसत होते. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत आलेला ऋषी मी रोज बघत होते आणि मला दिसला नव्हता.

आता माझी चूक सांगते. तुझं उत्तर यायची वाट न बघता मी भिंतीच्या नकाशाची शीट करून दिली होती. आमच्यात नियम आहे. जे उभं आहे ते अखंड रेषेने काढायचं, जे असावं असं वाटतं ते तुटक रेषेने. मी बेचाळीसच्या बेचाळीस कोनाड्यांत तुटक रेषेने बुद्ध काढला. छान काढला. तुझ्याकडूनच शिकलेला.

आणि तू लिहितोस, तेरा कापलेले आणि नऊ पहिल्यापासून ऋषीच. बाविसाव्या कोनाड्यावर तर दोनदा रेघ मारून, ‘इथे बुद्ध कधी नव्हता. उगाच बसवू नकोस.’

ही चूक आपल्याच घरात होऊ शकते. बाबा कुठलंही जुनं देऊळ दिसलं की सायकल थांबवायचे आणि म्हणायचे, ‘हे मुळात विहार असणार.’ आपण दोघं मागे बसून माना हलवायचो. तू मोठेपणी मान हलवायची सोडून दिलीस आणि मी ती सवय इथवर घेऊन आले. मला वाटलं होतं की या कामात तरी तू मला शाबासकी देशील. तू नऊ बुद्ध परत घ्यायला लावलेस.

मिसेस डोनाह्यूंना शीट परत मागताना लाज वाटली. त्यांनी विचारलं, ‘एवढी खात्री कशी होती तुला?’ मी म्हटलं, घाई केली. त्या म्हणाल्या, तिकडचे लोक हीच शीट घेऊन भिंतीसमोर उभे राहणार आहेत, पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल. आवाज चढवला नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं.

नवी शीट झाली आहे. खाली सल्लागार म्हणून तुझं नाव घालायचं आहे. चालेल का, आणि कसं घालू ते कळव.

सुजाता


वेस्ट विंडसर
१९ एप्रिल १९९६

दादा,
जयभीम.

तुझं कार्ड आलं. ‘नाव घालायचं तर पूर्ण घाल. सुभाष मेश्राम, मूर्तिकार, नागपूर. आणि फक्त अमेरिकन लोक बघतात तिथेच घालणार असशील तर नको.’

पहिलं वाक्य सोपं होतं. ऑफिसात नाव घातलं, मिसेस डोनाह्यूंनी स्पेलिंग विचारलं आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यांना मेश्राम काय आणि मेहता काय. दुसऱ्या वाक्यासाठी मला तो उन्हाळा लिहावा लागेल. तुला सगळं माहीत आहे, तू तिथेच होतास. पण मी ते कधी लिहिलेलं नाही, म्हणून एकदा लिहिते.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पिस्कॅटवेला भाड्याच्या घरात होतो. इथल्या मराठी मंडळाचा फॉर्म भरताना रवीने आडनावाच्या जागी रामटेके न लिहिता नागपूरकर लिहिलं. मी शेजारी बसले होते. त्याला थांबवलं नाही. कोणी काही विचारलं नव्हतं, आम्हीच आधी उत्तर देऊन ठेवलं. तेव्हापासून ऑफिसात आणि बँकेत आम्ही रामटेके आणि गणपतीला, कोजागिरीला नागपूरकर. माणसं चांगली भेटली. नीलांबरी तर बहिणीसारखी. निधीचा हात मोडला तेव्हा मी ट्रेनिंगला गेले होते, रवी गावाला. नीलांबरी तिला हॉस्पिटलात घेऊन गेली आणि प्लास्टर होईपर्यंत बसून राहिली.

त्र्याण्णवच्या जुलैत तू आलास. हातातल्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून काळ्या दगडाचा नऊ इंची बुद्ध आणलास, माझ्यासाठी घडवलेला. मी तो हॉलमध्ये ठेवला. पंधरा दिवसांनी मंडळाची आठ माणसं जेवायला येणार होती, त्या सकाळी मी तो उचलून चादरींच्या कपाटात ठेवला. तू अंघोळीला जाताना टॉवेल काढायला कपाट उघडलंस. टॉवेल घेऊन ते परत लावलंस.

जेवताना मंडळाचं सगळं बघणाऱ्या श्रीरामकाकांनी तुला विचारलं, ‘आपलं आडनाव काय म्हणालात?’ मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, ‘काका, दादाला वाढू का आणखी पुरी, लाजतो तो.’ सगळे हसले आणि विषय बदलला. तीन दिवसांनी तू तिकीट बदलून घेतलंस आणि दोन आठवडे आधी गेलास.

इतकंच झालं. लिहिल्यावर लहान दिसतं.

बुद्ध हॉलमध्ये आहे, पण बाहेरचं कोणी येणार असेल तर आत जातो. हे खोटं लिहून मला काही मिळायचं नाही.

आता पुढचं. श्रीरामकाकांनी फोन केला. मी अंगकोरचं काम करते हे नीलांबरीने त्यांना सांगितलं. मेच्या अकरा तारखेला मंडळात स्लाइड्स दाखवायच्या आहेत. कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवूनसुद्धा टाकलं, ‘कंबोडियातील आपली हिंदू मंदिरे’. मी हो म्हटलं. ती भिंत दाखवणार आहे, तेरा कापलेले बुद्ध दाखवणार आहे, आणि हे ज्याने ओळखलं त्याचं नाव घेणार आहे. मेश्राम म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही.

रवी म्हणतो, ‘यार, आठ वर्षं नीट चाललंय. आता हे कशाला?’ मी त्याला म्हटलं, मला दादा परत हवा आहे.

सुजाता


वेस्ट विंडसर
१२ मे १९९६

दादा,

काल कार्यक्रम झाला. मी तुझं नाव घेतलं नाही.

कसं झालं ते सांगते. शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. स्लाइड्स चांगल्या झाल्या. दगडावर दगड घासून बसवायची रीत लोकांना आवडली. चंद्रशेखर म्हणून एक सिव्हिल इंजिनियर आहेत, त्यांना खोट्या कमानीत फारच रस. मग ती भिंत आली. मी सांगितलं, इथे बुद्ध होते, ते कापले. चंद्रशेखर म्हणाले, ‘मुसलमानांनी?’ मी म्हटलं, ‘नाही. तिथे मुसलमान नव्हते. शिवभक्त राजाने.’ कोणीतरी खुर्ची सरकवली. तोवर माझा आवाज ठीक होता.

नीलांबरी पहिल्या रांगेत होती. तिने अगदी कौतुकाने विचारलं, ‘पण सुजाता, हे कान आणि दाढीवरून ओळखायचं, हे तुला कोणी शिकवलं गं?’

नाव तयार होतं. आठवडाभर कारमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं होतं. आणि मी म्हटलं, ‘ऑफिसचे एक एक्स्पर्ट आहेत, यू नो, स्टोनचे.’

टाळ्या पडल्या. श्रीरामकाकांनी शाल दिली. मी बटाटेवडे खाल्ले.

घरी येताना मागच्या सीटवरून निधी म्हणाली, ‘मॉम, यू सेड इट वॉज मामा.’ मी तिला तुझी पेन्सिल केलेली पानं दाखवली होती, हे विसरले होते. रवीने रेडिओ लावला.

मला स्वतःची किळस आली, दादा. त्र्याण्णवमध्ये मी घाबरले असं म्हणता येतं, अचानक झालं असं म्हणता येतं. या वेळी अचानक काही नव्हतं. त्या देवळावर ज्याने छिन्नी चालवली त्याला निदान राजाने सांगितलं होतं. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

यावर तू काही लिहावंस असं नाही. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं.

सुजाता


वेस्ट विंडसर
२३ जून १९९६

दादा,
जयभीम.

सोबत मंडळाच्या त्रैमासिकाचा अंक आहे. सतरावं पान बघ. बाकी पाककृती आणि श्रद्धांजल्या आहेत.

श्रीरामकाकांनी भाषणाचा लेख मागितला होता. मी लेख लिहिला. त्याच्या शेवटी लिहिलं की ही ओळख मला माझ्या थोरल्या भावाने करून दिली, त्याचं नाव सुभाष मेश्राम, तो नागपूरला बुद्धमूर्ती घडवतो, आणि कार्यक्रमात मी ऑफिसचे एक्स्पर्ट म्हणाले ते खोटं होतं. खाली सही केली, सुजाता रामटेके.

लेख देण्याआधी मी नीलांबरीकडे गेले. तिला छापलेल्यातून कळावं असं मला वाटत नव्हतं. ती भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, नागपूरकरपासून. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘आठ वर्षं, सुजाता? माझ्याशी पण?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘तुला काय वाटलं, मी काय केलं असतं?’ मी खरं सांगितलं, की मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘मला पण नाही माहीत,’ आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. त्याला आता चार आठवडे होतील. पूर्वी ती दर रविवारी फोन करायची. खोटं बोलले म्हणून करत नाही की दुसऱ्या कशामुळे, ते मला कळलेलं नाही. बहुतेक तिलाही कळलेलं नसावं. रविवारी फोन वाजला की मी अजून धावत जाते. तिची फार आठवण येते.

लेख दिल्यावर श्रीरामकाकांचा फोन मात्र लगेच आला. ‘लेख उत्तम आहे. शेवटचा परिच्छेद तेवढा काढू या. आपल्याकडे इथे कोणी जातपात विचारतं का? मग लिहायचं कशाला?’

‘कोणी विचारत नाही ना काका? मग लिहिलं तर बिघडतं कुठे?’

‘उगाच चर्चा होते गं. जागेचाही प्रश्न आहे.’

मी म्हटलं, मग लेख परत द्या. ते म्हणाले, बघतो. रवीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, ‘काका, मंडळाच्या यादीत आमचं आडनाव चुकलंय. रामटेके करून घ्या.’ मला तो इतक्या वर्षांत इतका कधी आवडला नव्हता.

छापलं त्यांनी. दोन वाक्यं गाळली आहेत, पण तुझं नाव आणि आमचं नाव आहे.

तू मला माफ करावंस म्हणून अंक पाठवत नाही. म्हणजे, तेही हवंच आहे. पण तू अट घातली होतीस आणि ती मी उशिरा का होईना पुरी केली, एवढं तुझ्या हातात असावं. भिंतीचे मोठे फोटो आता आले आहेत, तेही पाठवते. सवडीने बघ.

सुजाता


नागपूर
१४ जुलै १९९६

सुजाता,

अंक मिळाला. लेख ठीक आहे. खोट्या कमानीचं तू नीट समजावलं नाहीस, चित्र द्यायला हवं होतं.

मोठे फोटो दोन दिवस खिडकीपाशी उजेडात धरून बघितले. सत्ताविसावा कोनाडा मी पहिल्यापासून ऋषी म्हणून सांगितला होता. तसं नाही. मांडीखाली कमळाच्या दोन पाकळ्या शिल्लक आहेत आणि डाव्या गुडघ्याची पातळी खाली गेली आहे, म्हणजे तिथे नंतर पुन्हा छिन्नी लागली. तो बुद्धच होता. ज्याने कापला तो चांगला कारागीर होता, दाढीसाठी त्याने आजूबाजूची सगळी छाती सारखी खाली घेतली आणि मी फसलो. म्हणजे चौदा आणि आठ. झेरॉक्सवर मला शंका आली होती. पण तुझे नऊ बुद्ध काढायला लावताना मला बरं वाटत होतं, म्हणून मी शंका लिहिली नाही.

आता दुसरं. तू त्या जेवणाबद्दल लिहिलंस आणि तू दारातून काय बोललीस तेवढंच लिहिलंस. मी टेबलाशी बसलो होतो. प्रश्न मला विचारला होता. तू पुऱ्यांचं काढलंस त्याच्या आधी त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघत चांगला वेळ वाट पाहिली. माझ्या तोंडात घास होता, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. घास गिळून बोलता आलं असतं. मी इथे चौकाचौकांत बाबासाहेबांचे पुतळे उभे करतो, सभेत बोलतो. तिथे आठ माणसं होती, चांगले कपडे, चांगलं जेवण, सगळे माझ्याशी नीट बोलत होते, आणि मला वाटलं की एवढं जेवण होऊन जाऊ दे. तू बोललीस तेव्हा माझी सुटका झाली. त्याच सुटकेचा राग मी तुझ्यावर काढला.

आईला लेख वाचून दाखवला. तिने शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला.

त्या शीटवरचा सत्ताविसावा कोनाडा दुरुस्त कर. आणि आधी चूक कोणाची होती तेही खाली लिही, पूर्ण नावानिशी.

दादा